लेखकाचा संप आणि आपला प्रेक्षक

नोव्हेंबर २००८ मधील गोष्ट आहे. मी तेव्हा बारावीत होतो. आमच्या मुठा गावच्या वस्तीत त्या वेळी दोनच घरांवर डिशची छत्री होती. भाताची झोडणी उरकून आलेल्या बाया हातपाय धुवून, भाकरी चुलीवर टाकायच्या आत किंवा टाकल्यावर, त्या दोन घरांपैकी एका घरात जमत. त्याच वर्षीच्या जुलैत ‘बालिका वधू’ ही हिंदी मालिका सुरू झाली होती. आमच्या बायांना हिंदी धड येत नव्हते, पण लहानपणी उजवलेल्या पोरीचे दुःख कळायला हिंदी लागत नाही. त्या मालिकेतल्या आनंदीला आमच्या वस्तीतल्या बाया आपल्या भावकीतली पोर समजत असत. एके दिवशी अचानक जुना भाग लागला. दुसऱ्या दिवशीही जुनाच. आई म्हणाली, “आरं, हे तर झालंय की. पुढचं का दावत न्हाईत?”

मी कॉलेजात वर्तमानपत्र वाचून आलो होतो. मी सांगितले, मुंबईत मालिका बनविणाऱ्या कामगारांचे आणि निर्मात्यांचे मजुरीवरून बिनसले आहे, काम बंद पडले आहे. आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “मंग वाढवा की त्यांची मजुरी. पर आमचं का आडवून धरलंय?”

या एका बोलण्यात दोन माणसे बोलत होती. पहिले वाक्य दुसऱ्याच्या रानात आयुष्यभर राबलेल्या मजूर बाईचे होते, दुसरे प्रेक्षकाचे. मजूर बाईला संप कळला. प्रेक्षकाला तो आपल्या विरुद्ध केलेला वाटला. या दोघींची गाठ पडली असती तर काय झाले असते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. मराठी समीक्षेने वाचकाविषयी आणि रसिकाविषयी पुष्कळ लिहिले आहे. लेखकाच्या मजुरीच्या प्रश्नात वाचकाने वा प्रेक्षकाने कुठे उभे राहावे, याविषयी मात्र तिने फारसे तोंड उघडलेले नाही.

मुंबईतील तो लढा वाचकांना आठवत असेल किंवा नसेलही. ऑक्टोबर २००८ मध्ये चित्रपट आणि दूरचित्रवाणी कामगारांच्या फेडरेशनने काम बंद केले. लाखाहून अधिक माणसे या फेडरेशनच्या छत्राखाली होती: दिवे धरणारे, सेट ठोकणारे, नाचणारे, तंत्रज्ञ आणि लेखकसुद्धा. थकलेली मजुरी मिळावी, कामाच्या तासांना काही मर्यादा असावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. बड्या नटांनी त्या वेळी सहानुभूतीचे शब्द काढले, तीन दिवसांत तो संप मिटला. आणि पुढच्याच महिन्यात वेतनाच्या वादातून मालिकांचे चित्रीकरण पुन्हा थांबले. वाहिन्यांनी जुने भाग दाखवून वेळ काढली. त्या काळात एखाद्या वस्तीतून, एखाद्या महिला मंडळातून, एखाद्या कॉलेजातून “आम्ही मालिका लिहिणाऱ्यांच्या बाजूचे आहोत” असे एक पत्र गेल्याचे माझ्या वाचनात नाही. माझ्या वस्तीतून तर गेले नाहीच. तेव्हा मला ते सुचलेही नाही.

आणि त्याच्या आदल्याच हिवाळ्यात अमेरिकेत हे घडून गेलेले होते. ५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८ असे शंभर दिवस तिथल्या पटकथालेखकांच्या संघाने संप केला. वादाचे मूळ मोठे विचार करण्यासारखे आहे. मालिका एकदा दाखवली की लेखकाचे काम संपते का? ती पुन्हा दाखवली, तिच्या तबकड्या विकल्या, संगणकावरून घरोघर पोचवली, तर त्या प्रत्येक वेळच्या कमाईत लेखकाचा वाटा आहे की नाही? तबकडीमागे लेखकाच्या हाती सुमारे ४ सेंट पडत होते. ते दुप्पट व्हावेत आणि संगणकावरच्या प्रसारणातही हिस्सा असावा, ही मागणी होती. हा पुनःप्रक्षेपणाचा हक्क तिथल्या लेखकांना कोणी दानात दिलेला नव्हता. १९६० साली संप करूनच त्यांनी तो पदरात पाडून घेतला होता. १९८८ मध्ये तर ते पाच महिने रस्त्यावर होते.

२००७ च्या संपात नवी गोष्ट ही की प्रेक्षक संपकऱ्यांच्या बाजूने उतरले. ‘फॅन्स फॉर रायटर्स’ या नावाने चाहत्यांनी एक गट उभा केला. स्टुडिओंच्या दारांवर फलक घेऊन फेऱ्या घालणाऱ्या लेखकांना त्यांनी खाणे पोचवले. स्वतः त्यांच्या बरोबर फलक घेऊन चालले. डॉलर-डॉलर जमवून लाखो पेन्सिली विकत घेतल्या आणि त्यांचे खोके मालकांकडे धाडून दिले. पेन्सिल हे लेखकाचे हत्यार. ती मालकाच्या टेबलावर ढीग करून ओतावयाची, ही कल्पना मला आवडते. पण खरे सांगायचे तर पेन्सिलींपेक्षा मला ते खाणे मोठे वाटते. प्रतीकाने वर्तमानपत्रात फोटो येतो. भाकरीने संप एक दिवस लांबतो. संप हा शेवटी पोटाने लढविला जातो, हे गिरणगावाने आपल्याला शिकविले आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा त्यांतले किती तरी गावाकडे परतले आणि त्यांना गावच्या भाताने, नाचणीने जगविले. आमच्या मुळशी-मावळातली माणसे मुंबईत डबे पोचविण्यासाठी प्रसिद्ध आहेत. संपकऱ्याच्या हाती डबा देणे म्हणजे काय, हे त्यांना कोणा परदेशी चाहत्याकडून शिकावे लागणार नाही.

मग इकडे आणि तिकडे फरक कुठे पडला? आपला प्रेक्षक कठोर आहे, असे मी म्हणणार नाही. फरक पडला तो नावात. तिथल्या चाहत्याला लेखकाचे नाव ठाऊक होते. मालिका लिहिणारा आणि ती चालविणारा माणूस तिथे बहुधा एकच असतो, त्याच्या नावाने मालिका ओळखली जाते. आमच्या बायांना आनंदी ठाऊक होती. ‘बालिका वधू’ची कथा पूर्णेंदु शेखर यांची आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि मलाही ते किती तरी वर्षांनी कळले. आपल्या मालिकांत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी कामाची खाती पाडलेली असतात. गिरणीत जसा कोणताही एक कामगार “हे लुगडे मी विणले” असे म्हणू शकत नाही, तसेच इथे. मोबदला भागावर मोजला जातो आणि तोही बहुधा प्रक्षेपणानंतर ९० दिवसांनी हातात पडतो. श्रेयनामावली तर आकसून पडद्याच्या कोपऱ्यात सरकवलेली असते, बाकी पडद्यावर पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात. जे नाव वाचायलाच मिळत नाही त्याच्या बाजूने उभे कसे राहावयाचे?

नाव पुसले जाण्याचा धोका आपल्या शाहिरांनी फार आधी ओळखला होता. आपले नाव ते गाण्याच्या शेवटच्या कडव्यातच ओवून टाकीत. पंडितांनी या रीतीला भणिता वगैरे नावे देऊन भक्तीची आणि विनयाची परंपरा म्हटले आहे. मला ती मालकीहक्काची नोंद वाटते. ज्याच्या नावावर जमीन नाही, सातबारा नाही, त्याने गाण्याच्या पोटात आपले नाव पुरून ठेवले, की गाणे जाईल तिथे नावही जाईल. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गाणी महाराष्ट्रातल्या प्रत्येक भीमजयंतीत वाजतात, आणि शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो म्हणूनच निरक्षर बाईलाही ते गाणे कोणाचे हे कळते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या या माणसाने कोळसा वाहिला, गिरणीत काम केले, मोठेपणी अक्षर गिरवले. त्यांची गाणी गाऊन कितीकांचे संसार उभे राहिले; त्यांच्या स्वतःच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न जयंतीच्या मंडपात विचारला की लोक अस्वस्थ होतात. मालिकालेखकाला शेवटचे कडवे नसते. त्याला श्रेयनामावली असते, आणि ती तर जाहिरात खाते.

इथे प्रस्थापित समीक्षेचा एक जुना ग्रह आडवा येतो. लेखन ही साधना आहे, प्रतिभेचे देणे आहे, लेखक निर्मिती करतो, तो श्रम करीत नाही. म्हणून संप हा शब्द त्याच्या बाबतीत अशोभनीय आहे, असा तो ग्रह. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वतन, पगार किंवा पेन्शन येत होते त्यांना लेखन ही साधना वाटली तर नवल नाही. साधनेला मजुरी लागत नाही, कारण चूल दुसऱ्याच कशावर तरी पेटते. आपल्याकडे तसे नव्हते. अण्णा भाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले. गिरणीत, रस्त्यावर, पडेल त्या कामावर राबले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि संपकऱ्यांपुढे डफ वाजविला. म्हणजे आपल्याकडे संपाला लेखक धावून गेला, ही परंपरा पक्की आहे. लेखकाला कोण धावून गेले? ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘आवडी’, ‘माकडीचा माळ’ या त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. तिकिटे खपली, टाळ्या पडल्या. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात हलाखीत गेले. आज १ ऑगस्टला गावोगाव त्यांच्या तसबिरीचे फलक लागतात. मी त्या फलकांचा अवमान करीत नाही; ते फलक ज्या पोरांनी लावलेले असतात त्यांच्या घरात मी वाढलो आहे. पण चाहता लेखकाच्या मरणानंतर येतो आणि मालक त्याच्या हयातीत येतो, या हिशेबाचा जाब आपण कधी स्वतःला विचारणार?

हा जाब विचारणारा पहिला लेखक आपल्या घरचाच होता, हे आपण विसरतो. ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. अंकाचे रकानेच्या रकाने ते एकट्याने लिहून काढीत. मदत करायला सहसंपादक नाही, पगार नाही, वकिली सांभाळून, सभा सांभाळून रात्री जागून लिहावयाचे. आणि १९२८ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपल्याच वाचकांसमोर हिशेब मांडला: या पत्राचे जे ऋण झाले आहे ते लोकांचे ऋण आहे की नाही? हा अग्रलेख मी वर्गात दरवर्षी शिकवितो. विद्यार्थी त्यात त्याग पाहतात. मला त्यात हक्काची भाषा दिसते. मी लिहितो ते तुमच्यासाठी आहे, तेव्हा त्याचा भार तुमचाही आहे, असे तो लेखक आपल्या चाहत्यांना सांगतो आहे. जयजयकार करणाऱ्यांना त्याने वर्गणी मागितली. १५ नोव्हेंबर १९२९ ला ते पत्र बंद पडले. आपण जयजयकारात कमी पडलो नव्हतो.

तरीही आपला वाचक उभाच राहत नाही असे म्हणणे खोटे होईल. १९८७ च्या अखेरीस बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा चौथा खंड शासनाने छापला, त्यातील रिडल्सच्या एका परिशिष्टावरून वादळ उठले, ते वगळा अशी मागणी झाली, आणि ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला. त्या मोर्चातल्या किती जणांनी तो इंग्रजी ग्रंथ वाचला होता? बहुतेकांनी नाही. किती जणांना वाचताच येत नव्हते? पुष्कळांना. तरी ते पदरमोड करून, एस.टी.च्या टपावरून, भाकरी बांधून आले. कारण लिहिलेला शब्द कोणी कापू नये, हे त्यांना कळत होते. जगातल्या कोणत्या लेखकाच्या मागे असे न वाचणारे वाचक उभे राहिले? हॉलिवूडच्या पेन्सिली यापुढे मला लहान वाटतात. म्हणजे प्रेक्षकाला लेखकाच्या बाजूने उभे राहता येत नाही हे खरे नाही. ज्या लेखनात त्याला स्वतःचा माणूस दिसतो त्याच्या बाजूने तो जीव टाकतो. प्रश्न आहे तो त्या मधल्या जागेचा, जिथे लेखक महामानव नाही, नुसता एक मजूर आहे.

त्या मधल्या जागेत आपला चाहता चेहऱ्याकडे पाहतो. जानेवारी २०२२ मध्ये किरण माने या नटाला एका मराठी मालिकेतून काढण्यात आले. राजकीय मते मांडल्यामुळे काढले, असे त्यांचे म्हणणे. निर्मात्यांनी ते नाकारून वर्तनाचे कारण पुढे केले. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नाही. मला नोंदवावयाचे ते इतकेच की प्रेक्षक मोठ्या संख्येने बोलले, भांडले, बाजू घेतल्या. पडद्यावरचा माणूस नाहीसा झाला की प्रेक्षकाला कळते. पडद्यामागचा लिहिणारा रातोरात बदलला तर पात्राच्या बोलण्याचा हेल तेवढा बदलतो आणि आमच्या बाया म्हणतात, “आजकाल ती येगळीच बोलाया लागलीय.” त्यांचा कान बरोबर असतो. त्या कानाला कारण सांगणारा कोणी नसतो.

आता मी एका अडचणीच्या मुद्द्याकडे येतो. आपल्या चळवळीतला एखादा तरुण विचारील, आणि विचारावे, की मालिकांच्या लेखकांशी आपले काय देणेघेणे? त्यांच्या मालिकांत आपली वस्ती कुठे आहे? सासू, सून, दागिने, गणपतीची आरती, प्रशस्त दिवाणखाना. आणि आपण आलोच तर गाडीचे दार उघडणारे. त्यांच्या संपात आपण डबे का पोचवावेत?

या प्रश्नाला इतिहासात नेमके उत्तर आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत दीड लाख कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला. गिरणीतल्या विणकाम खात्यात मजुरी जास्त, आणि तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. का? तर कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या थुंकीने सवर्ण कामगार बाटला असता. कामगार म्हणून एक, साच्यावर मात्र वेगळे. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर आग्रह धरला की हे खाते आमच्या माणसांना मोकळे करा, ही मागणी तुमच्या मागण्यांत घाला. आपल्याला वगळून होणाऱ्या एकजुटीला एकजूट मानायला त्यांनी नकार दिला. आणि त्याच बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाचा हक्कच हिरावणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप घडविला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. ज्यांना त्यातली एकच सोयीची वाटते त्यांनी दुसरीही वाचावी.

मालिकेचा लेखनकक्ष हे आजचे विणकाम खाते आहे. तिथे सूत तोंडाने ओढावे लागत नाही, आणि दारावर पाटीही नाही. पण तिथे पोचायचे तर मुंबईत राहण्याची ऐपत लागते, पहिले काही महिने फुकट लिहिण्याची तयारी लागते, ९० दिवस मोबदल्याशिवाय चूल पेटती ठेवणारे घर लागते, कोणाचा तरी भाचा किंवा वर्गमित्र असावे लागते. या अटी ज्याच्याकडे आहेत तो आत. माझ्या वर्गातून गेल्या आठ वर्षांत निदान चार मुले अशी गेली की ज्यांच्या लिहिण्याने मी थक्क झालो होतो. एक पिरंगुटच्या कंपनीत पाळीवर आहे, एक रिक्षा चालवितो, एका मुलीचे लग्न झाले, एक स्पर्धा परीक्षा देत आहे. श्रेयनामावलीत जात लिहिलेली नसते, आणि ती लिहावी असेही मी म्हणत नाही. पण अमेरिकेतला लेखकसंघ आपल्या सभासदांत स्त्रिया किती, काळे लेखक किती, याचे अहवाल स्वतः छापतो. स्वतःच्या घराची मोजदाद करण्याची ती हिंमत आपल्याकडच्या लेखकांच्या संघटनांनीही दाखवावी. तिथल्या काळ्या लेखकांनी संपात भाग घेतला आणि मोजदादही मागितली. या दोन्ही गोष्टी एका हाताने करता येतात.

२ मे २०२३ रोजी त्याच संघाने पुन्हा संप पुकारला. सुमारे साडेअकरा हजार लेखक, १४८ दिवस. जुलैपासून नटही त्यांना मिळाले. या वेळी मागणीत एक नवे कलम होते: यंत्राने लिहिलेले आमच्या नावावर किंवा आमच्या ऐवजी खपवू नका. काही प्रमाणात त्यांनी ते मान्य करून घेतले. त्या वेळी आपल्याकडच्या एका साहित्यिक मित्राने मला म्हटले, यंत्र लिहू लागले तर बरेच, निदान जात तरी पाहणार नाही. मला हसू आले नाही. यंत्राला जे खायला घातले जाईल तेच ते ओकणार. आणि आजवर जे लिहिले गेले त्यात आपली वस्ती किती आहे?

आपल्या देशातही कायदा काही अगदीच मुका नाही. २०१२ मध्ये प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिची बाजू मांडली. चित्रपटासाठी लिहिणाऱ्याला पुढच्या वापरातल्या स्वामित्वधनाचा हक्क आहे आणि तो करारात लिहून देऊनही निर्मात्याच्या घशात घालता येणार नाही, असे ती दुरुस्ती म्हणते. पण कायद्याने दिलेला हक्क आणि हातात पडलेला पैसा यांत किती अंतर असते, हे महार वतनाचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. बलुत्याची भाकरीही नावाला हक्काचीच होती; मागावी लागे ओट्याखाली उभे राहून.

एवढे लिहिल्यावर मी स्वतः कुठे उभा आहे, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी तासिका तत्त्वावर शिकवितो. घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, सुटीचे नाहीत. घरातला पहिला पदवीधर, म्हणून घरच्यांना मी प्राध्यापक. तीन वर्षांपूर्वी, तेव्हा मी जिथे शिकवीत होतो तिथे पाच महिन्यांचे मानधन थकले, तेव्हा आम्ही नऊ जणांनी उत्तरपत्रिका तपासायच्या नाहीत असे ठरविले. दुसऱ्या दिवशी दाराशी चार विद्यार्थी थर्मासमध्ये चहा आणि वडापावाचा पुडा घेऊन उभे होते. आमच्यासाठी. त्यांना कोणी सांगितले नव्हते. तिसऱ्या दिवशी मला आतून निरोप आला की पुढच्या वर्षीची यादी तयार होत आहे. मी गठ्ठा घरी नेला. तो काखेत धरून बाहेर पडताना ती मुले तिथेच होती. मोसे खोऱ्यातून येणाऱ्या एकाने माझ्यासाठी कप भरला होता, तो त्याने तसाच धरून ठेवला. मी घाईत असल्याचे दाखवून निघून गेलो.

त्या रात्री आईने मला एक जुनी गोष्ट सांगितली. मी सहावी-सातवीत असताना आवणीच्या दिवसांत वस्तीतल्या बायांनी दहा रुपये वाढवून मागितले आणि तीन दिवस रानात पाय टाकला नाही. चौथ्या दिवशी मालकाने वरच्या अंगाच्या कातकरी बाया आणल्या. आमच्या बाया बांधावर उभ्या राहून त्यांना शिव्या देत होत्या. आई म्हणाली, “मीबी दिल्या. पर त्यातली एक पोटुशी व्हती. तिच्याकडं बघून माजं त्वांड गप झालं. तिचं प्वाट काय आमच्याहून येगळं? आमी तिला इचारलंच न्हाई, का तू बी बस आमच्यासंगं.” मग थोड्या वेळाने, “तू त्या पोरांस्नी उद्या भेट.” मी भेटलो नाही. दोन दिवसांनी भेटलो.

२०१९ च्या मे महिन्यात बाबासाहेबांच्या जीवनावरची मराठी मालिका सुरू झाली, तेव्हा आमच्या विहारात टीव्ही बसविला होता. म्हातारी माणसे पडद्याला हात जोडीत. तिच्या शीर्षकगीतापुरती शिंदे घराण्याची नावे पोरांना पाठ होती, नटाचे नाव पाठ होते. संवाद कोणी लिहिले, हे त्या मांडवात मी विचारून पाहिले. कोणालाच सांगता आले नाही, आणि ज्या मालिकेसमोर माझी आई पदर डोक्यावर घेऊन बसत होती तिचे मीही वाचलेले नव्हते.

यंदाच्या जयंतीच्या बैठकीत मी एक सूचना मांडली. फलक आणि ध्वनिक्षेपक यांच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढावी, हयात असलेल्या आपल्या लेखकांची पुस्तके पूर्ण किमतीने, सवलत न मागता घ्यावीत, आणि ज्याची गाणी मंडपात वाजतात त्याचे नाव प्रत्येक गाण्याआधी ध्वनिक्षेपकावरून पुकारावे. नाव पुकारण्याची सूचना मंजूर झाली. पैशाची पुढच्या वर्षी बघू, असे ठरले. या त्रैमासिकाची वर्गणी मात्र मी वस्तीतून अकरा जणांकडून गोळा केली. त्यांतल्या दोघी पिरंगुटला कंपनीत जाणाऱ्या बाया आहेत. पलीकडच्या उरवड्यात जून २०२१ मध्ये कारखान्याच्या आगीत सतरा कामगार गेले, बहुतेक बायाच. तेव्हापासून या दोघी पाळी संपली की आधी घरी फोन करतात. त्यांपैकी एकीने पैसे देताना मला विचारले, “ह्यात आमच्या कंपनीचं लिवून येतंय का?” मी म्हटले, अजून आले नाही. ती म्हणाली, “मंग लिवा. पैसं दिल्यात.”